कोडी घालणे आणि सोडवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात कॉलनीत, नात्यागोत्यात, शाळेच्या सुट्टीत कोड्यांची बैठक भरवली की काही प्रश्न हमखास येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही कोड्यांची उत्तरे जागच्या जागी दिलेली नाहीत, ती अगदी शेवटच्या प्रश्नाखाली आहेत. तिकडे जाण्याआधी स्वतः डोके लावून पाहा.

कोडी पुस्तक घेऊन एकट्यालाही सोडवता येतात. त्यासाठी माणसे कशाला जमवायची?

शब्दकोडे आणि सुडोकू एकट्याने सोडवायलाच बरे. पण घातलेले कोडे ही दोघांची गोष्ट असते. एकाला उत्तर ठाऊक असते, दुसऱ्याला नसते, आणि ठाऊक असणारा ते सांगत नाही, कारण समोरच्याला ते त्याचे त्याला सापडावे असे त्याला मनापासून वाटते. पुस्तकाचे शेवटचे पान कोणीही उलटू शकतो. माणसाच्या ओठांवरचे उत्तर मिळवावे लागते.

माझे ठाम मत आहे की कोडे सोडवण्यापेक्षा घालणे अवघड. सोडवणाऱ्याला फक्त उत्तर शोधायचे असते. घालणाऱ्याला मात्र समोरचा कुठे अडला, वैतागला का, अगदी जवळ येऊन भलतीकडे वळला का, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते आणि त्याप्रमाणे बोलावे किंवा गप्प राहावे लागते. म्हणून खालची बरीचशी उत्तरे घालणाऱ्यासाठी आहेत.

बैठक कधी आणि कुठे भरवावी?

मे महिन्याच्या दुपारी. पारा ४५ अंशांपुढे गेलेला, बाहेर कोणी पडत नाही, मामाच्या घरी आलेली पोट्टी एका खोलीत जमलेली. याहून चांगली वेळ मला माहीत नाही. फक्त कूलरच्या थेट समोर बसू नका. त्याच्या घरघरीत शब्द विरतात, आणि कोड्यातला एक शब्द निसटला की सगळेच निसटते. बाजूला बसा, कोडे सावकाश म्हणा आणि दोनदा म्हणा.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटेपर्यंतचा वेळही असाच मोकळा. हिवाळ्यात वावरात हुरडा खायला गेलात तर कणसे भाजेपर्यंत. मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीत, बर्थ उघडण्याआधी. माणसे आठ-दहा पुरेत. त्याहून जास्त झाली तर दोन घोळके करा, नाहीतर दोघेतिघे बोलतात आणि बाकीचे ऐकत बसतात.

सुरुवात कोणत्या कोड्यांनी करावी?

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून. आजीला सरळ म्हणा, ‘आजी, तुमच्या लहानपणचे एखादे सांगा.’ पहिल्यांदा ती म्हणेल, आता काही आठवत नाही. मग तुम्ही एक म्हणा: ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.’ दात आणि जीभ. लगेच तिला तीन आठवतील. ‘सूपभर लाह्या, त्यात एक रुपया’, म्हणजे चांदण्या आणि चंद्र. ‘इवलेसे कार्टे, घर कसे राखते’, म्हणजे कुलूप. ‘पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब’, म्हणजे मक्याचे कणीस. ‘दोन भाऊ शेजारी, भेट नाही संसारी’, म्हणजे डोळे.

ही कोडी सुरुवातीला घालण्याचे कारण असे की त्यांना गणित लागत नाही, शिक्षण लागत नाही आणि चुकल्याची लाज वाटत नाही. शिवाय त्यांना ठेका आहे. उत्तर नाही आले तरी कोडे तोंडात राहते, आणि दुसऱ्या दिवशी पोट्टे तेच शेजारच्या पोराला घालते.

शहरातल्या मुलांना सूप, जाते, चूल यांतले काही माहीत नसते. मग जुनी कोडी त्यांना कशी कळणार?

काही वस्तू दाखवता येतात. सूप अजून बऱ्याच घरांत आहे, ते खाली काढा, त्यात मूठभर लाह्या पसरा, मधे नाणे ठेवा आणि मग रात्री गच्चीवर जाऊन तेच कोडे घाला. जे दाखवता येत नाही ते सोडून द्या आणि मुलांच्या डोळ्यांसमोरच्या वस्तूवर नवे कोडे रचा. आमच्याकडची दोन देतो.

‘तीन अंगांना गवत, पोटात पाणी, तोंडी वारा, मृगाचा पाऊस पडला की उतरला सगळा तोरा.’

‘केशरी वाडा, ना दार ना खिडकी, आत दहाजणी बसल्या, एकीला एक चिकटी.’

दुसरे सोपे आहे. पहिल्यावर नागपूरबाहेरचे पाहुणे जास्त वेळ घेतात.

नवे कोडे कसे रचायचे?

वस्तू हातात घ्या आणि ती काय काय करते ते पाहा. नाव, रंग, उपयोग हे सगळ्यांत आधी सुचते आणि तेच सगळ्यांत निरुपयोगी, कारण त्याने उत्तर लगेच कळते. वस्तूच्या वागण्यातले काहीतरी विचित्र शोधा. कुलूप लहान असते आणि एवढ्या मोठ्या घराची राखण करते, हा त्यातला विचित्रपणा. डोळे शेजारी राहतात आणि एकमेकांना कधी पाहत नाहीत. असे एक वाक्य सापडले की कोडे झाले, यमक नंतर जुळवता येते.

मग त्यातला प्रत्येक शब्द उत्तराला लावून पाहा. एखादा शब्द फक्त यमकासाठी आला असेल आणि उत्तराला बसत नसेल तर तो काढाच. सोडवणारा प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवून विचार करत असतो. वरच्या पहिल्या कोड्यातल्या वस्तूला चौथ्या बाजूनेही गवत असते तर ‘तीन अंगांना’ म्हणता आले नसते. हा प्रामाणिकपणा पाळला नाही तर उत्तर ऐकल्यावर समोरचा ‘अरे हो!’ म्हणत नाही, ‘हे काय!’ म्हणतो. कोडे चांगले की वाईट हे या एका उद्गारावरून कळते.

मुलांना रचायला लावा. सोडवण्यात मागे राहणारी कित्येक मुले रचण्यात पुढे निघतात.

आपल्याकडे, विदर्भात, याची काही खास परंपरा आहे का?

आहे, आणि ती घरोघर खेळली जाते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी संपली की खिरापत ओळखायची असते. घरची बाई झाकलेला डबा मुलींसमोर नुसता हलवते. आवाज ऐकून प्रश्न सुरू होतात: गोड की तिखट? कोरडे की ओले? तळलेले की भाजलेले? ओळखल्याशिवाय खिरापत नाही. आपली खिरापत कोणालाच ओळखता येऊ नये म्हणून घरोघरच्या बायका जी डोकॅलिटी लावतात, ती कोडे रचणाऱ्याचीच असते. डब्यात चमचा टाकून आवाज फसवणाऱ्याही असतात.

या खेळात एक सुंदर गणित लपलेले आहे. हो-नाही उत्तराचा चांगला प्रश्न शक्यता निम्म्या करतो. ‘भेळ आहे का?’ हा वाईट प्रश्न, कारण नाही म्हटले तर फक्त एक पदार्थ कमी झाला. ‘गोड आहे का?’ हा चांगला, कारण हो म्हणा की नाही, निम्मे पदार्थ गेले. दर वेळी नेमके निम्मे करता आले तर २० प्रश्नांत १० लाख ४८ हजार ५७६ गोष्टींतून एक ओळखता येते. मुलींना हे आकडे सांगायची गरज नसते. दोन-तीन दिवसांत त्या आपोआप चांगले प्रश्न विचारू लागतात. मुलांनाही या खेळात बसवावे. त्यांनी का म्हणून मुकावे?

पोळ्याला तोरणाखाली ज्या झडत्या, म्हणजे चढाओढीची यमकातली गाणी, म्हणतात त्यांतही हीच चुरस आहे. एकाने म्हणायची, दुसऱ्याने त्याहून वरचढ, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ‘हर बोला हर हर महादेव’. अर्थात झडती हे काही कोडे नव्हे. पण शब्दांनी शब्दाला भिडण्याची सवय ज्या गावात आहे तिथे कोड्यांची बैठक रंगायला वेळ लागत नाही. आणि मागे पाहायचे तर मुक्ताबाईंच्या कूट अभंगात मुंगी आकाशी उडून सूर्याला गिळते. महाराष्ट्राने कोड्यात देवाधर्माचे बोलणेही बोलून दाखवले आहे.

इशारा कधी द्यावा? आणि किती?

समोरच्याने मागितल्यावर, आणि त्यातही तो काय करून पाहिले ते सांगेल तेव्हा. आधी विचारा, ‘तुम्ही कुठवर आलात?’ पुष्कळदा सांगता सांगताच त्याला स्वतःची अडचण दिसते आणि इशारा लागतच नाही.

एक कोडे घेऊन सांगतो. खाली तीन बटणे आहेत, वर माडीवर एक बल्ब. खालून बल्ब दिसत नाही. बटणे हवी तशी लावा, पण वर एकदाच जायचे. कोणते बटण बल्बचे, हे कसे ओळखाल?

बहुतेक जण म्हणतात, एकदाच जायचे तर दोनच गोष्टी कळतील: पेटलेला किंवा विझलेला. बटणे तीन, म्हणून अशक्य. हा विचार चांगला आहे, त्याला चांगला म्हणा. पहिला इशारा फक्त एवढाच: ‘वर एकदाच जायचे आहे, पण खाली किती वेळ थांबायचे यावर बंधन आहे का?’ मग गप्प बसा. खरेच गप्प. चहा ठेवा, तो उकळू द्या. दुसरा इशारा: ‘वर गेल्यावर बल्ब फक्त पाहायचाच का?’ इथे बरेच जण उठून उभे राहतात. पहिले बटण दहा मिनिटे लावून बंद करायचे, दुसरे लावायचे आणि वर जायचे. पेटलेला असेल तर दुसरे, विझलेला पण गरम असेल तर पहिले, विझलेला आणि थंड असेल तर तिसरे.

इशाऱ्याने रस्त्याकडे बोट दाखवावे, हाताला धरून पोचवू नये. ‘उष्णता’ हा शब्द तुम्ही उच्चारलात तर कोडे तुम्हीच सोडवलेत आणि समोरच्याच्या हाती काही उरले नाही.

मुलगा म्हणाला, ‘आमच्या घरचा एलईडी बल्ब असा तापतच नाही.’ आता?

त्याचे बरोबर आहे आणि सगळ्यांसमोर तसे सांगा. हे कोडे तारेच्या जुन्या बल्बसाठी रचलेले आहे. एलईडीचा दिवा त्या मानाने फारच कमी तापतो. अशा वेळी कोड्यात ‘जुना पिवळा बल्ब’ असे स्पष्ट म्हणावे. ज्याने ही चूक काढली त्याने कोडे सोडवणाऱ्याइतकाच नीट विचार केला आहे.

ठरलेले उत्तर एक, पण कोणीतरी वेगळेच सांगतो आणि तेही चपखल बसते. कोणाचे धरायचे?

दोन्ही धरा. ‘कोकणातून आला भट, धर की आपट’ याचे उत्तर कोणी नारळ सांगतो, कोणी शेंबूड, आणि घरोघर ही दोन्ही उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. लोककोड्यांना एकच धनी नसतो. उत्तर प्रत्येक शब्दाला बसते का, एवढीच कसोटी. बसत असेल तर ‘माझ्या मनातले वेगळे आहे, पण तुमचे बरोबर आहे, आता माझे शोधा’ असे म्हणा. ‘चूक!’ म्हणून मोकळे होणारा माणूस बैठकीचे फार नुकसान करतो, कारण त्यानंतर बुजरी माणसे तोंड उघडत नाहीत.

गणिताच्या कोड्यात मात्र असे दोन्ही धरता येत नाही. तिथे शेवटी कोणीतरी एकच बरोबर असतो.

एकाला उत्तर आधीच माहीत असते आणि तो फटकन सांगून टाकतो.

कोडे घालण्याआधीच सांगायचे: ‘ज्यांनी ऐकले आहे त्यांनी कान पकडा.’ कान पकडलेले लोक या फेरीत इशारे देणारे. त्यांना काम मिळते, मान मिळतो आणि तोंड बंद राहते. लहान मुलांना हे काम विशेष आवडते.

मला गणिताची भीती वाटते. मी आलो तर चालेल का?

या. भीती बहुतेक वेळा आकडेमोडीची असते, आणि चांगल्या कोड्यात ती फारशी नसतेच. हेच पाहा. तीन मित्र भोजनालयात जेवले. प्रत्येकी १०० असे ३०० रुपये दिले. मालकाने हिशेब पाहिला, बिल २५० चे होते, म्हणून ५० परत पाठवले. वाढप्याने २० स्वतःच्या खिशात घातले आणि तिघांना १०-१० दिले. आता प्रत्येकाचे ९० गेले, तिघांचे २७०. वाढप्याकडे २०. झाले २९०. उरलेले १० कुठे गेले?

यावर कागद-पेन काढू नका. कागदाच्या खोट्या नोटा करा, पाच जणांना मालक, वाढपी आणि मित्र बनवा आणि व्यवहार करून दाखवा. शेवटी मालकाच्या हातात २५०, वाढप्याकडे २०, मित्रांकडे ३०. सगळे जागेवर. घोळ फक्त बोलण्यात होता: मित्रांनी दिलेल्या २७० मध्ये वाढप्याचे २० आधीच धरलेले आहेत, ते पुन्हा मिळवायला कोणी सांगितले? कोडे ऐकताना आपण घालणाऱ्याच्या बेरजेमागे मुकाट चालत गेलो. हे कळल्यावर माणूस पुढे बाजारातही सावध होतो.

दुसरे बैलांचे. बाप १७ बैल ठेवून गेला. थोरल्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा, बैल कापायचा नाही. शेजारी आपला एक बैल घेऊन आला. १८ झाले. थोरल्याला ९, मधल्याला ६, धाकट्याला २, मिळून १७. शेजारी आपला बैल घेऊन घरी गेला. सगळे खूश होतात, पण इथे थांबू नका. विचारा, ‘हे जमले कसे?’ निम्मा, तिसरा आणि नववा हिस्सा यांची बेरीज पूर्ण एक होत नाही, १८ पैकी १७ होते. बापाच्या वाटणीतच एक अठरांश हिस्सा कोणाच्याच नावावर नव्हता. मला कोड्याच्या उत्तरापेक्षा हा दुसरा प्रश्न जास्त आवडतो.

आणि तिसरे, ज्यात हरायला जागाच नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे देवळालीचे शाळामास्तर. त्यांनी १९४९ साली एक गंमत शोधली, तिच्यामुळे ते जगभर ओळखले जातात. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. जे येईल त्याचे पुन्हा तसेच. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे तेच ते येत राहते. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते. शून्य असेल तर ते सोडायचे नाही, चार जागा भरायच्याच. बैठकीत प्रत्येकाने वेगळी संख्या घ्यावी. एकेक जण ‘६१७४!’ ओरडू लागला की वजाबाकीला घाबरणारी मुलेही दुसरी संख्या घेतात, मुद्दाम ते चुकवायचा प्रयत्न करतात, आणि गणितज्ञ काय करतो ते त्यांना कळते.

आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी भास्कराचार्यांचे एक, ‘लीलावती’तले, ११५० सालच्या सुमाराचे. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलिंध्राच्या फुलांवर, आणि या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर. उरलेला एक भुंगा केतकी आणि मालतीच्या गंधात इकडेतिकडे भिरभिरत राहिला. थव्यात भुंगे किती?

उत्तर सांगूनही लोकांना पटत नाही आणि भांडण लागते. काय करावे?

भांडू द्या, पण तोंडाने नको, खेळून. तीन वाट्या पालथ्या घाला. एकीखाली संत्रा बर्फीचा तुकडा. समोरच्याने एक वाटी निवडायची. तुम्हाला बर्फी कुठे आहे ते माहीत आहे, तुम्ही उरलेल्या दोनांपैकी एक रिकामी वाटी उघडून दाखवायची. आता विचारा, ‘बदलता का?’

जवळजवळ सगळे म्हणतात, दोन वाट्या राहिल्या, निम्मी निम्मी शक्यता, बदलून काय फरक पडतो. फरक पडतो. बदलणारा तीनपैकी दोनदा जिंकतो. पहिली निवड तीनपैकी एकदाच बरोबर असते, आणि ती चुकलेली असेल तेव्हा तुम्ही रिकामी वाटी उघडल्यावर बर्फी नक्की तिसऱ्या वाटीत असते. हे कोडे संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५ मध्ये मांडले. १९९० मध्ये स्तंभलेखिका मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी अमेरिकेतल्या एका साप्ताहिकात ‘बदला’ असे बरोबर उत्तर दिले, तेव्हा त्या चुकल्या असे बजावणारी हजारो पत्रे आली, त्यांत गणिताचे प्राध्यापकही होते. म्हणजे तुमच्या काकांना पटले नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

एका जोडीने दर वेळी बदलायचे, दुसऱ्या जोडीने कधीच नाही. दोघांचे गुण खडूने फरशीवर लिहा. तीस-चाळीस डावांत फरशीच बोलू लागते. एक अट सांगायला विसरू नका: वाटी उघडणाऱ्याला बर्फीची जागा माहीत आहे आणि तो दर वेळी रिकामीच उघडतो. ही अट गाळली तर भांडण खरोखरच मिटणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘९९ टक्के लोक नापास’ अशी कोडी येतात. ती घालावीत का?

बहुतेक नकोत. ८÷२(२+२) असले प्रश्न कोडी नसतातच. कोणी १६ म्हणतो, कोणी १, आणि दोष लिहिण्याचा असतो. कंस नीट घातले की प्रश्नच उरत नाही. लोकांना नापास करण्यासाठी काढलेल्या कोड्यात शोधण्याचा आनंद कुठून येणार?

ग्रुपवर चांगले कोडे टाकायचेच असेल तर सकाळी टाका, उत्तर ज्याने त्याने फक्त तुम्हाला एकट्याला पाठवावे असे लिहा आणि रात्री खुलासा करा. बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावे जाहीर करा, चुकलेल्यांची नको.

मुले लगेच मोबाईलवर उत्तर शोधतात.

नुकतेच रचलेले कोडे मोबाईलवर नसते. आजीचे कोडेही पुष्कळदा नसते. तीच घाला.

कोडी सोडवल्याने बुद्धी वाढते का? म्हातारपणी विसरभोळेपणा टळतो का?

शब्दकोडी सोडवणारा शब्दकोड्यांत तरबेज होतो, सुडोकूवाला सुडोकूत. त्यापुढचे दावे सांभाळून ऐका. मेंदूचा व्यायाम म्हणून विकल्या जाणाऱ्या एका अ‍ॅपच्या कंपनीला २०१६ साली अमेरिकेत पुराव्याविना केलेल्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर मोजावे लागले. आजोबांना औषध म्हणून कोडी देऊ नका. त्यांच्याशी बोलायला, त्यांच्याजवळ तासभर बसायला निमित्त म्हणून द्या. ते निमित्तच मोलाचे आहे.

बक्षीस ठेवावे का?

नाही. बर्फी आणली असेल तर सगळ्यांना सारखी.

कोणती कोडी घालू नयेत?

कोणाची जात, रंग, अंगातले व्यंग, वैधव्य यांवर हसणारी. जुन्या कोड्यांत अशी पुष्कळ आहेत आणि ‘परंपरा आहे’ म्हणून ती राखायचे कारण नाही. दुहेरी अर्थाची चावट कोडी बरोबरीच्या मित्रांत चालतात, पण नव्या सुनेला ती सगळ्यांसमोर घालून तिची फजिती करणे हा छळ आहे. आणि ज्याचे उत्तर तुम्हाला स्वतःला समजावून सांगता येत नाही तेही घालू नका.

हिंदी कोडी चालतील का?

नागपुरात न चालायला काय झाले! अर्ध्या मोहल्ल्यांत मुले दोन्ही भाषांत खेळतात. अमीर खुस्रोच्या नावावर सांगितली जाणारी ‘एक थाल मोती से भरा, सबके सिर पर औंधा धरा’ ही पहेली आणि आपल्या सूपभर लाह्या एकाच आकाशाकडे पाहून सुचलेल्या आहेत. दोन्ही पाठोपाठ घाला. दुसऱ्याचे उत्तर मुले कशी झेलतात पाहा.

खास नागपूरचे असे एखादे डोकेफोड कोडे आहे का?

हे घ्या. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात दोन मार्ग आहेत: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. तुम्ही कोणत्याही स्थानकावर चढू शकता, सीताबर्डीला हव्या तितक्या वेळा गाडी बदलू शकता. दोन्ही मार्गांचा प्रत्येक तुकडा फक्त एकदाच प्रवास करून पुरा फिरता येईल का?

आणखी एक, इतवारीतल्या धान्याच्या दुकानातले. ४० किलोचा दगड पडून त्याचे चार तुकडे झाले. दुकानदार हळहळला, मग त्याच्या लक्षात आले की आता या चार तुकड्यांनी तराजूवर १ पासून ४० पर्यंत कोणतेही पूर्ण किलो तोलता येते. तुकडे किती किती किलोचे?

उत्तरे द्या ना आता!

आमच्याकडच्या दोन कोड्यांपैकी पहिले: गवताच्या ताट्यांचा कूलर. दुसरे: संत्रे.

भुंगे १५: कदंबावर ३, शिलिंध्रावर ५, फरक २, त्याची तिप्पट ६, आणि एक भिरभिरणारा.

दगडाचे तुकडे १, ३, ९ आणि २७ किलोचे. अडतात ते बहुधा असे समजून की वजने एकाच पारड्यात ठेवायची. दोन्ही पारडी वापरा: २ किलो हवे तर एका पारड्यात ३, दुसऱ्यात धान्याबरोबर १. इशारा मागितला तर फक्त ‘तराजूला पारडी किती?’ एवढेच विचारा.

मेट्रोची सफर जमत नाही. ज्या ठिकाणाहून विषम संख्येने रूळ निघतात तिथे प्रवास एकतर सुरू तरी व्हायला हवा किंवा संपायला तरी. एरवी जितक्या वेळा तिथे शिराल तितक्याच वेळा बाहेर पडायला वेगळा रूळ लागतो. इथे अशी ठिकाणे चार आहेत, चारही टोकांची स्थानके, प्रत्येकी एकच रूळ. प्रवासाला सुरुवात एक आणि शेवट एक, म्हणून दोन टोके उरतातच. गणितज्ञ ऑयलर यांनी १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचे कोडे याच विचाराने सोडवले. तिथे नदीने तोडलेले जमिनीचे चार भाग होते आणि चारही भागांना विषम पूल.

ज्यांनी हे सोडवले त्यांना पुढचे घाला: कोणतीही दोन टोके जोडणारा एकच नवा रूळ टाकता आला तर सफर जमेल का? जमेल. जोडलेल्या दोन्ही टोकांना आता दोन-दोन रूळ झाले, विषम टोके दोनच राहिली. एकावर चढायचे, दुसऱ्यावर उतरायचे. खापरी आणि लोकमान्य नगर जोडून, कागदावर पेन्सिल न उचलता करून पाहा.